लाल हिंदू की तपकिरी हिंदू? २० जुनी बेसबॉल कार्डं आणि त्यांच्या पाठी

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. आम्ही रिचमंडला राहतो, व्हर्जिनियात. आमच्यापासून तीन घरं सोडून एक आजोबा राहतात, वय ८६, त्यांची मुलगी एका रविवारी सकाळी फोन हातात घेऊन दारात आली आणि पहिलाच प्रश्न, "तू हिंदू आहेस ना, मग हे काय आहे सांग बघू." फोनमध्ये एका छोट्या कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो, मोठ्या अक्षरात हिंदू आणि खाली सिगारेट्स. तिला वाटलं होतं मला त्या शब्दामुळे काहीतरी कळेल. मी दहाएक वर्षं हीच कार्डं गोळा करतेय हे तिला माहीतच नव्हतं, मी तिला म्हटलं आत ये, चहा टाकते, आणि हा फोटो परत दाखव.

आधी थोडं सांगते, कारण बेसबॉल कार्डांचं हे जग आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटात एक छोटं पुठ्ठ्याचं कार्ड घालायची. पाकीट चेपू नये म्हणून ते असायचंच, मग त्यावर बेसबॉल खेळाडूचं रंगीत चित्र छापलं की गिऱ्हाईक परत येतं. या संचाला टी-२०६ म्हणतात, हे नाव नंतर जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने आपल्या कार्ड कॅटलॉगमध्ये दिलं (त्याचा सगळा संग्रह आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, तीन लाखांच्या वर वस्तू). कार्ड साधारण ३७ मिलिमीटर रुंद आणि ६७ मिलिमीटर उंच, म्हणजे आपल्या काडेपेटीपेक्षा थोडंसंच मोठं. पुढच्या बाजूची चित्रं ५२४. पण कंपनी एक असली तरी सिगारेट-तंबाखूचे ब्रँड बरेच होते, आणि ज्या ब्रँडच्या पाकिटात कार्ड जाणार त्याची जाहिरात मागे. या मागच्या बाजूलाच आम्ही पाठ म्हणतो. असे १६ ब्रँड. पीडमाँट, स्वीट कॅपोरल, ओल्ड मिल, सॉव्हरिन, पोलर बेअर, हिंदू, टॉल्स्टॉय, सायकल, ड्रम, लेनॉक्स वगैरे. म्हणजे एकाच खेळाडूचं एकच चित्र आठ-दहा वेगवेगळ्या पाठींसकट सापडू शकतं, आणि त्यातली एक पाठ इतकी कॉमन असते की कुणी वळून बघत नाही आणि दुसरी अशी की लोक वीस वर्षं शोधतात.

लहानपणी सांगलीला आम्ही काडेपेटीचे छाप गोळा करायचो तेव्हा फक्त चित्र बघायचो, मागं काय असतं ते कधी बघितलंच नाही. इथे उलट आहे. इथे कार्ड हातात घेतलं की जाणकार माणूस ते आधी उलटं करतो.

तर प्रकरण असं होतं. आजोबांच्या आजोबांनी ही पाकिटं ओढली, कार्डं मुलाला दिली, तिथून ती पत्र्याच्या एका डब्यात आली आणि डबा या आजोबांकडे. आता त्यांना ती तीन नातवंडांत वाटायची होती. मुलीने एका दुकानाला फोनवरून फोटो पाठवले, तिकडून उत्तर आलं की हिंदूवालं कार्ड 'रेड हिंदू' दिसतंय, म्हणजे लाल शाईचं, ते मौल्यवान आहे, बाकीची सगळी साधी, ती एकगठ्ठा अमुक भावाने घेऊ. तिला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटल्या. फक्त विकायच्या आधी कुणाला तरी विचारावं म्हणून, आणि त्या हिंदू शब्दामुळे, ती माझ्याकडे आली.

लाल हिंदू म्हणजे काय ते इथे सांगायला पाहिजे. हिंदू ब्रँडची जाहिरात दोन रंगांत छापली गेली. तपकिरी ही आधीची. ती सुरुवातीच्या, १५० खेळाडूंच्या मालिकेतल्या (मालिकांना असे आकडेच आहेत, नंतरच्या ३५० आणि ३५०-४६०) चित्रांवर येते आणि शिवाय दक्षिणेतल्या छोट्या लीगमधल्या खेळाडूंवर येते. लाल शाईवाली नंतरची, आणि तपकिरीपेक्षा बरीच कमी सापडते. त्यामुळे लाल म्हटलं की किंमत उडी मारते, आणि म्हणूनच फोटोत जरा लालसर झाक दिसली की लोकांना लाल दिसायला लागतं. मलाही तो फोटो बघून क्षणभर लालच वाटला होता, खोटं कशाला बोलू. विटेसारखा रंग. पण तो फोटो त्यांच्या स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला होता आणि फोन आपल्या मनाने रंग बदलतो हे आपल्याला रोजच्या साडीच्या फोटोतसुद्धा कळतं, तेव्हा फोटोवरून निकाल द्यायचा नाही असं मी तिला सांगितलं आणि दुपारी त्यांच्या घरी गेले.

जाताना तीन गोष्टी नेल्या, दहापट मोठं दाखवणारं भिंग, यूव्ही टॉर्च आणि माझ्याकडचं एक साधं पीडमाँट कार्ड जे मी तुलनेसाठी ठेवते. हातमोजे नाही. कापडी मोज्यात कार्डाचे कोपरे अडकतात, स्वच्छ धुऊन कोरडे केलेले हात बरे.

डब्यात १९ कार्डं होती आणि एक वेगळं, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं. त्या विसाव्याकडे नंतर येते. आधी १९ कार्डं उलटी करून पाठींप्रमाणे मांडली. पीडमाँट ११, स्वीट कॅपोरल ५, ओल्ड मिल १, पोलर बेअर १, हिंदू १. नुसतं हे प्रमाण बघूनच मला बरं वाटलं, कारण खराखुरा जुना, कुणी न निवडलेला गठ्ठा असाच असतो, पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल ढीगभर आणि बाकीचे तुरळक. कुणी मुद्दाम जमवलेल्या गठ्ठ्यात दुर्मिळ पाठी जास्त असतात आणि तिथे मग जास्त सावध राहायचं. पोलर बेअरवर तंबाखूचे डाग होते, आजोबा म्हणाले हे खराब झालंय, मी म्हटलं नाही हो, हे बरोबर आहे. पोलर बेअर सिगारेट नव्हतीच, सुटा तंबाखू होता, कार्ड थेट त्या तंबाखूतच पडलेलं असायचं, त्यामुळे या ब्रँडच्या कार्डावर डाग दिसणं नेहमीचं.

आता हिंदू. खिडकीपाशी गेले, दुपारचे दोन वाजले होते, ऊन थेट नाही पण भरपूर उजेड. कार्ड शेजारच्या स्वीट कॅपोरलला लावून धरलं, कारण त्याची जाहिरात लाल शाईत असते आणि माझ्या मते लाल म्हणजे काय हे ठरवायचं तर शेजारी एक नक्की लाल ठेवणं हाच सगळ्यात साधा उपाय आहे. लगेच फरक दिसला. स्वीट कॅपोरलचं लाल स्वच्छ, कुंकवाकडे झुकणारं. हिंदूचं त्याच्याशेजारी एकदम काथासारखं दिसायला लागलं. भिंगातून बघितलं तर अक्षरांचा भरीव भाग सरळ तपकिरी होता. कडेला शाई विरळ झाली होती तिथे खालच्या पुठ्ठ्याचा पिवळेपणा मिसळून तो लालसर भास होत होता. शंभर वर्षांत पुठ्ठा पिवळा पडतो आणि त्यावरची तपकिरी शाई उबदार दिसायला लागते.

पण मला इथे जे खरं सांगायचंय ते हे, की रंग बघायची गरजच नव्हती. कार्ड पालटलं असतं तरी उत्तर तिथेच होतं. पुढच्या बाजूला जो खेळाडू होता तो मोठ्या लीगमधला नव्हता, दक्षिणेतल्या एका छोट्या लीगमधल्या संघाचा होता. टी-२०६ मध्ये दक्षिणेतल्या छोट्या लीगचे असे ४८ खेळाडू आहेत, संग्राहक त्यांना सरसकट सदर्न लीगर म्हणतात. हे ४८ जण कुठल्याही पाठीवर येत नाहीत. पीडमाँटची ३५० मालिका, ओल्ड मिल आणि तपकिरी हिंदू, बस. त्यातही हिंदूवर सगळे ४८ नाहीत, ३४ आहेत. लाल हिंदूवर एकही नाही. त्यामुळे सदर्न लीगरच्या पाठीवर कुणी लाल हिंदू म्हणत असेल तर एक तर रंग चुकीचा बघितलाय नाहीतर कुणीतरी शाईशी खेळ केलाय, तिसरी शक्यता नाही.

हे असं का, तर छपाईमुळे. चित्रं मोठ्या कागदावर एकत्र छापली जायची, त्याच कागदाच्या मागे वेगळ्या फेरीत एका रंगात जाहिरात, मग कापणी. कुठल्या महिन्यात कुठली चित्रं मशीनवर होती आणि त्या वेळी कुठल्या ब्रँडने कार्डं मागवली यावर जोड्या ठरल्या. दक्षिणेतले खेळाडू काही काळापुरतेच छापले, ते मोजक्या ब्रँडबरोबरच गेले, आणि लाल हिंदूची वेळ आली तेव्हा ते मशीनवर नव्हतेच. म्हणून पुढची बाजू म्हणजे एक प्रकारे तारीख आहे. गेली काही दशकं लोकांनी हजारो कार्डं बघून कुठलं चित्र कुठल्या पाठीवर येतं याच्या याद्या बनवल्यात, आणि दुर्मिळ पाठ ओळखताना माझ्या मते ती यादी भिंगाच्याही आधी हातात घ्यावी. होनस वॅग्नर या खेळाडूचं जगप्रसिद्ध कार्ड घ्या, जे २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला विकलं गेलं. ते फक्त स्वीट कॅपोरल १५० आणि पीडमाँट १५० या पाठींवर सापडलंय. उद्या कुणी ओल्ड मिलवाला वॅग्नर आणला तर भिंग काढायचीसुद्धा गरज नाही.

मुलीचा चेहरा पडला. साहजिक आहे. मी तिला समजावलं की तपकिरी असला तरी सदर्न लीगर आणि वर हिंदू पाठ हे काही साधं कार्ड नाही, पीडमाँटवाल्या सदर्न लीगरपेक्षा ते कितीतरी कमी मिळतं. फक्त लाल म्हणून विकलं असतं तर घेणाऱ्याने दोन दिवसात परत पाठवलं असतं आणि वर नाव खराब झालं असतं ते वेगळंच. आजोबा मात्र शांत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्या आजोबांनी ते कुठे घेतलं असेल?" मी सांगितलं की सदर्न लीगर बहुतेक दक्षिणेतच खपायच्या पाकिटांतून आले, म्हणजे घराजवळच कुठेतरी.

मग ओल्ड मिल. इथे मी स्वतःच थोडी घाईला आले होते ते सांगते. ओल्ड मिलची जाहिरात काळ्या शाईत असते, पण अगदी हाताच्या बोटांवर मोजावीत अशी काही कार्डं तपकिरी शाईत सापडली आहेत आणि ती सगळी सदर्न लीगरच. आणि या डब्यातलं ओल्ड मिलही सदर्न लीगरच होतं! भिंगातून बारीक अक्षरं बघितली तर चक्क तपकिरी दिसत होती. छातीत धडधडलं खरं. पण थांबले, कार्ड सरकवत जाडजूड भरीव अक्षरांवर गेले, तिथे शाई काळी, अगदी कोळशासारखी. बारीक रेषांत शाई कमी लागलेली असते, ती झिजते, खालचा पिवळा पुठ्ठा वर येतो आणि काळ्याचं तपकिरी होतं. म्हणजे हिंदूत जी फसगत तीच इथे. तेव्हापासून माझा नियम झालाय, रंग ठरवायचा तो जिथे शाई सगळ्यात जाड आहे तिथे, बारीक अक्षरांत कधीच नाही. काळी ओल्ड मिल म्हणून नोंद केली आणि पुढे गेले.

एव्हाना मुलीला वाटलं झालं सगळं. पण दुकानाने जी बाकीची साधी म्हणून एकगठ्ठा मागितली होती ती मी अजून वाचलीच नव्हती. वाचली म्हणजे अक्षरशः वाचली. या कार्डांच्या मागे एक बारीक ओळ असते, फॅक्टरीचा नंबर आणि कुठला जिल्हा. त्या काळी तंबाखूवर केंद्राचा कर होता, प्रत्येक कारखान्याला नंबर आणि प्रत्येक राज्यात कराचे जिल्हे. फॅक्टरी २५, दुसरा जिल्हा, व्हर्जिनिया म्हणजे आमचं इथलंच रिचमंड. ११ पीडमाँटवर तोच नंबर होता, आजोबांना हे सांगितल्यावर ते जरा ताठ बसले, त्यांच्या आईचे वडील गावातल्या तंबाखूच्या कारखान्यात होते म्हणे, कुठल्या ते त्यांना आता आठवत नाही. पीडमाँटमधली पाच १५० मालिकेची आणि सहा ३५० ची, त्यात काही विशेष नाही.

स्वीट कॅपोरल पाच. चारांवर फॅक्टरी ३०, न्यूयॉर्क, हे नेहमीचंच. पाचवं उचललं, ३५०-४६० मालिकेचं, आणि ओळीच्या शेवटी न्यूयॉर्क नाही, व्हर्जिनियाही नाही, नॉर्थ कॅरोलिना. फॅक्टरी ४२, चौथा जिल्हा. मी भिंग खाली ठेवलं, परत उचललं, परत वाचलं. स्वीट कॅपोरलचा ढीग इतका कॉमन की त्यातलं प्रत्येक कार्ड उलटून शेवटची ओळ वाचायचा लोकांना कंटाळा येतो, आणि फॅक्टरी ४२ नेमकी तिथेच लपते. रंग तोच, नक्षी तीच, मालिका तीच, फरक फक्त त्या मुंगीएवढ्या ओळीत. लॉटरी नाही ही, उगाच कुणी आकाशातले आकडे डोक्यात आणू नका, पण २५ आणि ३० च्या मानाने ही बरीच कमी सापडते आणि पाठींचे संग्राहक ती मुद्दाम शोधतात. याच फॅक्टरीचा आणखी एक प्रकार आहे ज्यात आधी दुसरा नंबर छापला आणि नंतर त्यावर ४२ चा छापा मारला, तो त्याहून दुर्मिळ, म्हणून भिंगाखाली खाली दुसरी अक्षरं दिसतात का ते नीट बघितलं. नव्हती. सरळ छापलेली ४२.

दुकानदाराने जाणूनबुजून फसवलं असं मी म्हणणार नाही, मला तसं वाटतही नाही. फोटोत ती ओळ वाचताच येत नव्हती. पण ज्या कार्डावर त्याने लाल म्हणून बोट ठेवलं ते लाल नव्हतं आणि जे एकगठ्ठ्यात जाणार होतं ते वेगळं काढायला हवं होतं, दोन्हीही चुका पाठ न वाचता पाठीबद्दल बोलल्यामुळे झाल्या. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, कुणाच्या घरात असा डबा निघाला तर विकायच्या आधी प्रत्येक कार्डाची मागची बाजू दिवसाच्या उजेडात, सपाट ठेवून, शेवटची ओळ वाचता येईल इतक्या जवळून फोटो काढून ठेवा. कागदाची पिशवी असेल तर तीही झटकून बघा. २०१६ मध्ये दक्षिणेतल्या एका कुटुंबाला पणजी-पणजोबांच्या घराची आवराआवर करताना चुरगळलेल्या कागदी पिशवीत टाय कॉब या खेळाडूची ७ कार्डं मिळाली, मागे पाठीवर कॉबच्याच नावाच्या तंबाखूची जाहिरात, तंबाखूच्या दुनियेचा राजा अशा अर्थाची. त्याआधी अशी पाठ असलेली जेमतेम पंधराएक कार्डं जगात माहीत होती. ती पिशवी कचरा समजून टाकलीच जाणार होती. आणि ती पाठ कॉबच्या चार चित्रांपैकी फक्त एकाच चित्रावर येते, लाल पार्श्वभूमीच्या. परत तेच, पुढची बाजू.

आता विसावं कार्ड. हे डब्यातलं नव्हतं. आजोबांनी १९८० च्या दशकात एका कार्डांच्या जत्रेत स्वतः विकत घेतलेलं, ड्रम पाठीचं, बायकोला न सांगता, हे सांगताना अजूनही त्यांचा आवाज हळू झाला. ड्रम ही खरोखर दुर्मिळ पाठ, जांभळ्या-लाल शाईची, पिकलेल्या आलुबुखारसारखा रंग. पुढचा खेळाडू त्या पाठीवर येऊ शकतो का ते यादीत बघितलं, येऊ शकतो. म्हणजे पहिली परीक्षा पास. चित्र भिंगातून बघितलं. या कार्डांची छपाई लिथोग्राफीची, एकावर एक सपाट रंग, चेहऱ्यावर हाताने दिल्यासारखे विखुरलेले बारीक ठिपके, आणि खालचं नाव एकसंध तपकिरी शाईत, कडा स्वच्छ. सगळं बरोबर. चित्र अस्सल होतं, मला शंकाच उरली नाही.

मग पालटलं. ड्रमच्या जांभळ्या अक्षरांवर भिंग धरलं आणि तो रंग फुटला. गुलाबी, निळे, पिवळे ठिपके, फुलासारख्या नक्षीत एकमेकांशेजारी. दुरून जांभळं, जवळून रांगोळीचे ठिपके. जुन्या पाठी एकाच शाईत छापलेल्या असतात, जांभळी म्हणजे बाटलीतूनच जांभळी निघालेली शाई, चार रंग मिसळून डोळ्याला जांभळं भासवणं ही नंतरच्या काळातली पद्धत. पडदे ओढले, यूव्ही टॉर्च लावला. पुढची बाजू अंधारात तशीच मळकट राहिली. मागची बाजू निळसर पांढरी चमकली, धुलाईच्या नीळ घातलेल्या सदऱ्यासारखी. आजकालच्या कागदात पांढरेपणासाठी घालतात ते रसायन दुसऱ्या महायुद्धानंतर रुळलं, १९१० च्या पुठ्ठ्यात ते असूच शकत नाही. (उलटं मात्र धरू नका हं, चमकलं नाही म्हणजे जुनंच असं नाही, न चमकणारा नवा कागदही मिळतो.) शेवटी कडेने बघितलं, कार्ड उभं धरून. कडेवर अर्ध्या जाडीत केसासारखी एक रेघ, एका कोपऱ्यात सुटत आलेली. कुणीतरी खऱ्या कार्डाची साधी पाठ, बहुधा पीडमाँट असेल, सोलून काढली होती आणि त्या जागी छापील ड्रम चिकटवला होता. एक चांगलं कार्ड मारून एक खोटं तयार केलं. मला याचा फार राग येतो. रंगवलेल्या कोपऱ्याचा नाही येत इतका, कापलेल्या कडेचा नाही येत, पण सोललेल्या पाठीचा येतो, कारण ते कार्ड आता कधीच पहिल्यासारखं होणार नाही आणि त्याची खरी पाठ काय होती हेही कुणाला कळणार नाही.

आजोबांना सांगायचं कसं हा प्रश्न होता. मुलीने डोळ्यांनी खुणावलं, नको सांगू. मी दोन मिनिटं गप्प बसले. पण ते कार्ड नातवाकडे ड्रम म्हणून गेलं असतं, त्याने कधीतरी विकायला काढलं असतं, आणि मग कुणीतरी परका त्याला खोटारडा म्हणाला असता. म्हणून टॉर्च त्यांच्याच हातात दिला, म्हटलं तुम्हीच बघा आधी पुढून, मग मागून. त्यांनी दोनदा पालटून बघितलं. म्हणाले, "मी तेव्हा मागची बाजू बघून घेतलं होतं, पुढे कोण आहे ते घरी येऊन बघितलं." मग थोड्या वेळाने, "पण हा माणूस खरा आहे ना?" मी म्हटलं हो, तो शंभर टक्के खरा आहे.

हिंदू आणि फॅक्टरी ४२ ही दोन कार्डं नंतर ग्रेडिंगला, म्हणजे तपासून दर्जा ठरवून घ्यायला, पाठवली. दोन्हीचे कोपरे गोल झालेले आणि हिंदूला एक आडवी घडी, त्यामुळे दर्जा खालचाच आला, पण पाठीची नोंद दोन्ही लेबलांवर बरोबर आली. दुकानाला मुलीने नाही म्हणून कळवलं. पीडमाँट आणि बाकीची नातवंडांत वाटली गेली, सगळ्यात धाकट्याने डाग पडलेलं पोलर बेअर मागून घेतलं.

गेल्या आठवड्यात आजोबांकडे गेले होते तेव्हा त्यांनी तो पत्र्याचा डबा उघडून दाखवला. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय, पेन्सिलने, थरथरत्या अक्षरात वीस ओळी, प्रत्येकीत खेळाडू, संघ, पाठ, मालिका, फॅक्टरी आणि आता ते कुणाकडे आहे. हिंदूपुढे तपकिरी असं लिहून खाली दोन रेघा. आणि शेवटच्या ओळीत त्या विसाव्या कार्डाचं नाव, त्याच्यापुढे, कुणी सांगितलं नसताना त्यांनी स्वतःच लिहिलेलं, पाठ नंतर चिकटवलेली, चेहरा खरा.